तुझी आजी मी उसनी घेतली

लुसाका, झांबिया,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले, तुला साधा मेसेजही टाकला नाही. तू रागावला असशील. तुझा राग मला ठाऊक आहे, तोंडाने काही बोलायचं नाही, फोन मात्र सरळ वहिनीकडे द्यायचा. तब्येतीचं आधी उरकून टाकतो. साखर आटोक्यात आहे, पाठ अधूनमधून धरते, मलेरिया यंदा झाला नाही. हिचं बरं चाललंय. झालं.

आता खरं सांगतो. दोन आठवड्यांपूर्वी मी तुझी आजी माझी म्हणून सांगितली. परक्या गावात, झाडाखाली, पंधरा-वीस माणसांसमोर. तेव्हापासून मला नीट झोप लागत नाही आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "एवढं काय त्यात?" तिची चूक नाही. ती आपल्या होस्टेलच्या भांडणाला कुठे होती?

लुसितूला गेलो होतो. एका महिला गटासाठी सोलरवर चालणारी पिठाची चक्की बसवायची होती. लुसाकाहून चिरुंदूच्या रस्त्याने घाट उतरत जायचं. खाली उतरलं की हवा बदलते, उकडायला लागतं, मोपानेची झाडं सुरू होतात. हे खोरं झाम्बेझीचं आणि ही माणसं टोंगा. करिबाचं धरण झालं तेव्हा दोन्ही काठांची मिळून ५७ हजार माणसं उठवली, त्यातली काही हजार इथे, त्यांच्या गावांपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर, आणून टाकली. १९५८ सालची गोष्ट. चिपेपो प्रमुखाचे लोक उठायला तयार नव्हते, भाले घेऊन उभे राहिले. १० सप्टेंबरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आठ माणसं मेली, मग बाकीच्यांना ट्रकमध्ये भरलं. पाणी चढायला लागल्यावर बेटांवर अडकलेली जनावरं वाचवायला होड्या घेऊन मोहीम निघाली, सहा हजारांवर जनावरं सोडवली. तिला नोहाच्या नावाची मोहीम म्हणतात आणि ती जगभर गाजली. ट्रकमधल्या माणसांचं कौतुक कुणी केलं नाही.

करिबा तुला माहीत आहे. तुझ्या भूगर्भशास्त्राच्या वहीत कोयना आणि करिबा एकाच पानावर होती, धरणाच्या पाण्याने भूकंप होतो त्याची दोन ठळक उदाहरणं म्हणून. करिबा १९६३, कोयना १९६७. तू त्या पानावर पेनाने खोल रेघ मारली होतीस, मागचं पानही फाटलं होतं. इथले लोक म्हणतात, नदीत न्यामिन्यामी राहतो, अंग सापाचं आणि तोंड माशाचं. भिंतीमुळे तो आणि त्याची बायको दोन बाजूंना अडकले, तो तिच्याकडे जायला धडपडतो म्हणून जमीन हलते. तुझी आजी ११ डिसेंबरच्या पहाटेचं सांगताना "नदीनं कूस बदलली" म्हणायची ना? मला लुसितूत तेच आठवत राहिलं.

चक्की सुरू झाली. पहिलं पीठ हातावर घेतलं तर ते गरम होतं. तिथली एक म्हातारी, पंचाहत्तरी ओलांडलेली, पुढे आली. चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळलं, वास घेतला, मान हलवली. बाया हसायला लागल्या. एरवी मक्याचं पोतं डोक्यावर घेऊन डिझेलच्या चक्कीपर्यंत चालत जायचं, आणि डिझेल नसलं की तसंच परत.

मग सगळे झाडाखाली बसलो. प्रमुखाच्या पंचांपैकी एक म्हातारबुवा होते. माझा हाताखालचा पोरगा टोंगाच आहे, तो भाषांतर करत होता. म्हातारबुवांनी विचारलं, तुमच्या गावाला नदी आहे का? म्हटलं, आहे. तिच्यावर धरण आहे का? म्हटलं, आहे, मोठं आहे. ते काहीतरी बोलले आणि पोरगा गप्प. "काय म्हणाले?" तर तो खाली बघत म्हणाला, "विचारतायत, तुम्ही उठवलेल्यांपैकी की उठवणाऱ्यांपैकी?"

बाळ्या, मी म्हणालो, "उठवलेल्यांपैकी."

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला कळलं नाही. माझा जन्म पोफळीच्या कॉलनीतला. बाबा कोयनेच्या वीजगृहात शिफ्टला. आमच्या गल्लीत रात्रभर दिवे असायचे, आणि तुमच्या पुनर्वसनाच्या गावात खांब यायला तुझी सातवी उजाडली. हे तूच मला कराडच्या होस्टेलवर ऐकवलं होतंस. तेव्हा मी काय म्हणालो होतो? "देशासाठी कुणाला तरी उठावंच लागतं." तू ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलास आणि सबंध टर्म माझ्याशी बोलला नाहीस. शेवटी पम्याने दोघांना एका सायकलवर बसवून स्टँडवर मिसळ खायला नेलं तेव्हा मिटलं. मिटलं म्हणजे तू जेवायला परत आलास. मी ते वाक्य कधी मागे घेतलं नव्हतं.

तर मी उठवलेल्यांपैकी म्हणालो आणि पुढे तुझ्या आजीचीच गोष्ट सांगत सुटलो. ट्रक आला, तिने जातं चढवलं, घाटात ड्रायव्हर म्हणाला वजन फार होतंय, आणि वरचा दगड खाली टाकून दिला. खालचा तेवढा राहिला. मी सांगितलं, तो दगड अजून घरात मोरीपाशी आहे, आम्ही त्यावर बसून पाय धुतो. एवढंच त्या सगळ्यात खरं होतं, कारण मीही त्यावर बसून पाय धुतले आहेत. ती पिठाचा वास घेणारी म्हातारी ऐकत होती. पोराने भाषांतर संपवलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या आईचा दळायचा दगड पाण्याखाली आहे. आणि माझा हात धरून बसली. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही.

निघताना त्यांनी कोंबडी दिली. जिवंत, पाय बांधलेली. नाही म्हणता येत नाही, अपमान होतो. ती आता आमच्या परसात आहे. ही रोज विचारते, कापायची कधी? मी म्हणतो, अंडी देते, राहू दे.

मागचं वर्ष इथे कसं गेलं हे तुला फोनवर तुटक तुटक कळलं असेल. या देशाची बहुतेक वीज पाण्यावर, शंभरातली पंच्याऐंशी. एल निन्यो आला आणि २०२४ ला पाऊसच झाला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी राष्ट्राध्यक्ष हिचिलेमांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, ११६ पैकी ८४ जिल्हे दुष्काळात, दहा लाख हेक्टरवरचा मका करपला. ३२ लाख टनांवरचं पीक १५ लाखांवर आलं. करिबाची पातळी ४७५.५० मीटरच्या खाली गेली की टर्बाइन बंद करावे लागतात, आणि पाणी त्या रेघेकडे सरकत होतं. जगातला सगळ्यात मोठा मानवनिर्मित जलाशय! लुसाकात दिवसाला तीन तास वीज मिळाली तर नशीब. सलूनवाले, वेल्डिंगवाले, कोंबड्यांची पिल्लं उबवणारे, सगळे बसले. घरोघरी मबाउला पेटल्या, म्हणजे लोखंडी शेगड्या, आणि सायकलवर कोळशाची दोन-तीन पोती बांधून माणसं पहाटे शहरात यायची. तो कोळसा म्हणजे जंगल. मी सोलर विकतो, आणि माझ्याच घरी त्या कोळशावर भात शिजला.

यात सावकारही होतेच. नोव्हेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या मध्यात, देशाला रोख्यांवरच्या व्याजाचे सव्वाचार कोटी डॉलर भरता आले नाहीत. मग चीन एकीकडे, पॅरिस क्लबची मंडळी, म्हणजे कर्ज देणारी श्रीमंत सरकारं, दुसरीकडे, रोखेवाले तिसरीकडे. कोण आधी किती सोडणार यावर साडेतीन वर्षं गेली. तोवर युक्रेनच्या युद्धाने खत आणि तेल महागलं, पाठोपाठ कॉलरा आला, सातशेवर माणसं गेली, लुसाकाच्या हिरोज स्टेडियममध्ये खाटा टाकल्या. रोखेवाल्यांशी तोडगा निघाला जून २०२४ ला, तेव्हा शेतात मका उभाच नव्हता. आणि तरीही या लोकांनी २०२२ पासून शाळांची फी बंद केली ती चालूच ठेवली. वर्गात पोरं मावत नाहीत, पण येतात. मला यांचा मनापासून आदर वाटतो. यंदा पाऊस चांगला झाला, ३६ लाख टनांवर मका आला, विक्रमी. चिसाम्बाला जूनअखेर १०० मेगावॅटचा सोलर प्रकल्प सुरू झाला. त्याच वेळी ग्वेम्बे खोऱ्यात माम्बाला कोळशाचं वीजकेंद्र दुप्पट करायचं चाललंय. दुष्काळात त्याच्याच ३०० मेगावॅटने टेकू दिला, त्यामुळे नको म्हणायला तोंड उरत नाही.

हां, तुझं. धाकटीच्या इंजिनिअरिंगचं काय ठरलं? कराड मिळालं तर सोड रे, घराजवळ आहे. हळदीला भाव आला का? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. वहिनींना सांग, त्यांनी दिलेला मसाला मार्चमध्येच संपला.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे पत्र. आमच्याकडे एक मोठं काम आलंय, सोलरचंच, दक्षिणेकडे. दोनशेच्या आसपास हेक्टर जमीन लागणार आहे. जागेची पहिली पाहणी माझ्याकडे. फॉर्मवर एक रकाना आहे, 'जमिनीचा सध्याचा वापर'. आधीच्या माणसाने त्यात 'मोकळी' लिहून ठेवलंय. मी दोन दिवस चाललो. मक्याची धसकटं होती, शेळ्यांच्या वाटा होत्या, एका बाजूला दाट झाडी. पोरगा त्या झाडीत येईना. म्हणाला, तिथे जुनी माणसं पुरली आहेत. कागद कुणाकडे नाही, जमीन प्रमुखाच्या अधिकारातली, त्याने संमती दिली की काम पुढे सरकतं. आणि हा प्रकल्प वाईट नाही रे! पुढचा दुष्काळ येईल तेव्हा दवाखान्याचा फ्रीज यावरच चालणार आहे. मला तो व्हायला हवाय. म्हणून तर घशाशी अडकलंय. होस्टेलवर मी जे म्हणालो त्याचा अर्थ मला आता हातात फॉर्म आल्यावर कळतोय.

मी रकान्यात शेती, चराई, दफनभूमी असं लिहिलंय. वरून फोन आला, यामुळे सहा महिने जातील. म्हटलं, जाऊ देत. पण पुढचं मला येत नाही. नुकसानीत काय काय मोजायचं? घर आणि शेत सगळेच मोजतात. तात्यांच्या ट्रंकेत ती लाल कापडाची वही होती ना, सरकारने न मोजलेल्या गोष्टींची? मला त्यातलं तुकड्या-तुकड्यानं आठवतं. जळणाचा माळ, गुरांची पाणवठ्याची वाट, आंब्याची झाडं वयासकट, लग्नात देव नाचवायची जागा. तात्या ती वही घेऊन तीस वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले आणि मी एकदा तिला 'तुमचं महाभारत' म्हणालो होतो. तू तेव्हाही ताट उचललंस. दोन्ही वेळचं मी आज मागे घेतो. लेखी घे.

त्या वहीचे फोटो काढून पाठव, सगळ्या पानांचे. अक्षर लागत नसेल तिथे तू वाचून आवाज रेकॉर्ड कर. मी ते इंग्रजीत करून पाहणीच्या अहवालाला जोडणार आहे, कुठे काय विचारायला हवं याची यादी म्हणून. तात्यांचं नाव घालू का तेही सांग.

आणि दुसरं. महिनाअखेर चक्कीचा पट्टा ताणून द्यायला मला लुसितूला जायचंय. ती म्हातारी तिथे असणार. मी तिला खरं सांगायचं ठरवलंय, की ती आजी माझी नव्हती, माझ्या मित्राची होती, आणि मी दिव्याखाली वाढलेला आहे. कोंबडी परत घेतली तर घेतली. पण गोष्ट तुझी आहे, म्हणून तुला आधी विचारतो. सांगू का? आणि तिने विचारलंच, की मित्राच्या आजीला शेवटी जमीन मिळाली का, तर काय सांगू?

फोन वहिनीकडे देऊ नकोस. शनिवारी रात्री तुझ्या साडेनऊला करतो.

तुझा,
पोफळीवाला