सभागृहात दिलेला शब्द पुढे कुठे जातो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावात हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरायची वेळ आली की आपल्याकडे चर्चेचे विषय ठरलेले असतात. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी मिळणार का, मोर्चे कुठे अडवणार, रस्ते किती दिवस बंद राहणार. ही चर्चा व्हायलाच हवी. पण आत कोणता विषय कोणत्या दिवशी येणार, त्याला किती वेळ मिळणार आणि उत्तर कोण देणार, याची जुळवाजुळव करणाऱ्या संसदीय कामकाज मंत्र्याकडे सीमाभागातून निवेदन गेल्याचे क्वचितच वाचायला मिळते. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. आपला माणूस आत नसताना ही यंत्रणा कशी चालते हे माहीत असण्याची गरज अधिकच वाढते.

कर्नाटकात कायदा आणि संसदीय कामकाज ही खाती सहसा एकाच मंत्र्याकडे असतात. २०२३ मध्ये ती गदगचे एच. के. पाटील यांच्याकडे आली. अधिवेशनाआधी सगळ्या खात्यांकडून विधेयकांची यादी मागवायची, कामकाज सल्लागार समितीत विरोधकांबरोबर बसून तास वाटून घ्यायचे, कोणता मंत्री कधी कोणत्या सभागृहात हजर राहील ते पाहायचे, हे या मंत्र्याचे रोजचे काम. विधानसभेत २२४ सदस्य, विधान परिषदेत ७५. राज्यघटनेच्या कलम १७७ मुळे मंत्र्याला दोन्हीकडे बोलता येते, मत मात्र स्वतःच्या सभागृहातच देता येते. कलम १८९ प्रमाणे कोरम म्हणजे एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा किंवा दहा, यांतली जी संख्या मोठी ती. म्हणजे विधानसभेत २३ आणि परिषदेत १०. तेवढेही सदस्य नसतील तर कामकाज थांबवावे लागते. सत्ताधारी बाके भरलेली ठेवण्याची जबाबदारी प्रतोदांची आणि त्यांच्या पाठीमागे या मंत्र्याची. बेळगावच्या अधिवेशनात पहिले दिवस अनेकदा गोंधळात जातात आणि उत्तर कर्नाटकावरची चर्चा शेवटाकडे ढकलली जाते. तेव्हा उत्तरही घाईत उरकले जाते. ही चर्चा पहिल्या तीन दिवसांत घ्या, एवढी एकच मागणी अधिवेशनाच्या महिनाभर आधी या मंत्र्याकडे आणि विरोधी पक्षनेत्याकडे लेखी गेली पाहिजे. सल्लागार समितीत वेळ वाटून झाल्यावर दिलेल्या निवेदनाला फारसा अर्थ उरत नाही.

खरे महत्त्वाचे काम अधिवेशन संपल्यावर सुरू होते, ते आश्वासनांचे. दिल्लीतली पद्धत याबाबत सर्वांत स्पष्ट आहे. संसदीय कामकाज मंत्रालयातले अधिकारी सभागृहाचे दैनंदिन इतिवृत्त वाचून त्यातून मंत्र्यांनी दिलेली आश्वासने वेगळी काढतात आणि संबंधित मंत्रालयाकडे पाठवतात. पूर्ततेची मुदत तीन महिने. पूर्तता झाली की तसा अहवाल पटलावर, म्हणजे सभागृहापुढे अधिकृतपणे, ठेवला जातो. न झाल्यास मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते, नाहीतर आश्वासन वगळण्याची विनंती करावी लागते, आणि त्याचा जाब विचारायला लोकसभेत १९५३ पासून आश्वासन समिती आहे. मात्र सगळेच उत्तर आश्वासन ठरत नाही. ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’, ‘मी चौकशी करतो’ ही वाक्ये यादीत येतात. ‘हा राज्य सरकारचा विषय आहे’ हे येत नाही. अनुभवी अधिकारी उत्तराचा मसुदा करतानाच हा फरक पाहतात. म्हणून पुरवणी प्रश्न विचारणाऱ्या सदस्याने मंत्र्याच्या तोंडून ‘पाहतो’ऐवजी ‘माहिती पटलावर ठेवतो’ एवढे वदवून घेतले तरी निम्मे काम झाले. कर्नाटक विधिमंडळातही सरकारी आश्वासन समिती आहे. बेळगावात दिलेली किती आश्वासने तिच्यापुढे प्रलंबित आहेत, हे आपल्या संघटनांनी दरवर्षी विचारायला हवे.

प्रश्न लिहितानाच आपल्याकडे बरीच गडबड होते. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत हवा, आणि प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो. दिवसाला तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न २०, अतारांकित (लेखी उत्तराचे) २३०. चिठ्ठीत नाव लागले तरच यादीत. आता हा नमुना पाहा: ‘सीमाभागातील मराठी जनतेवर वर्षानुवर्षे होणारा घोर अन्याय सरकार कधी दूर करणार?’ मनातली कळ खरी असली तरी असा प्रश्न टिकत नाही. प्रश्नात युक्तिवाद आणि विशेषणे चालत नाहीत, आणि न्यायालयात सुरू असलेल्या प्रकरणाची माहिती मागता येत नाही. सीमावादाचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात असल्याने गृहमंत्रालयाकडे पाठवलेला असा प्रश्न तिथेच अडकतो.

तोच विषय असा मांडता येतो: ‘(अ) घटनेच्या कलम ३५० ब खालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचा अलीकडचा अहवाल कोणत्या वर्षाचा आहे व तो पटलावर कधी ठेवला, (ब) त्यात कर्नाटकाबाबत कोणत्या शिफारशी आहेत, (क) त्यांवर राज्याने काय कळवले?’ हा प्रश्न गृहमंत्रालयाकडे नव्हे, अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाकडे द्यायचा. यात सीमेचा वाद येत नाही, भाषिक हक्क येतो. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हा निकष विचारायची वाटही हीच.

खासदार कोण, यातही घोळ होतो. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात असला तरी लोकसभेला तो उत्तर कन्नड मतदारसंघात आहे, निपाणी चिक्कोडीत, आणि बेळगाव शहर व ग्रामीण बेळगावात. खानापूरच्या रेल्वेचा प्रश्न बेळगावच्या खासदाराकडे घेऊन गेलेले शिष्टमंडळ हार घालून आणि फोटो काढून परतते, कागद मात्र हलत नाही. शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय काढायच्या वेळेत, मांडलेल्या विषयाला लगेच उत्तर देण्याचे बंधन सरकारवर नाही. लोकसभेच्या नियम ३७७ खाली मांडलेल्या विषयाला संबंधित मंत्र्याने महिन्याभरात लेखी उत्तर पाठवणे अपेक्षित असते. खासदाराकडे आग्रह धरायचा तो ३७७ चा.

भाषेबद्दल दोन गोष्टी. कलम २१० प्रमाणे ज्या आमदाराला राज्यभाषेत, हिंदीत वा इंग्रजीत नीट बोलता येत नाही त्याला सभाध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. ती आधी मागावी लागते, हक्क म्हणून आपोआप मिळत नाही. आणि कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. त्यामुळे संसदीय कामकाज मंत्र्याला मराठीत लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. निवेदनात कलमाचा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा आहे. तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा (इथे कन्नड) यांपैकी एका भाषेतच द्यायचा असतो. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, शुल्क दहा रुपये. तीन अधिवेशनांची आश्वासने हवी असतील तर तीन अर्ज करावेत. प्रत्येकात अधिवेशनाचे वर्ष, आश्वासनाची तारीख, ते कोणत्या खात्याकडे पाठवले आणि पूर्तता अहवाल पटलावर कधी ठेवला, एवढेच विचारावे. उत्तराची मुदत ३० दिवस. डिसेंबरच्या अधिवेशनातल्या आश्वासनांसाठी असा अर्ज एप्रिलमध्ये टाकावा, कारण तोवर खात्यांना तीन महिने मिळून गेलेले असतात.

आपला,
एक वाचक, बेळगाव