दशावताराचा व्हिडिओ फोर-के, पण शब्द कुठे गेले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीची लग्नं लागली की आमच्या सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात, रोज कुठे ना कुठे रात्रभर दशावतार, आणि हल्ली प्रत्येक नाटकाला पुढे पाच-सहा पोरं तरी मोबाईल लावून उभी असतात. चांगलंच आहे, मुंबईच्या चाकरमान्यांना घरबसल्या नाटक बघायला मिळतं. पण चित्र एकदम क्लिअर आणि आवाज ऐकवत नाही असं झालंय.

माझे मामा राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करायचे, ते आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या वर्षीच्या एका नाटकाचा व्हिडिओ आमच्याकडे आहे, मुकुटाचा एकेक मणी दिसतो, पण मोबाईल लावलेला जनरेटरच्या बाजूला, त्यामुळे नुसती घरघर, आणि मामा चढ्या आवाजात बोलायला लागले की आवाज फाटतो. आई बघायला बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तोंड हलता रे, पण शब्द खंय गेले?"

मग मी तो ऑडॅसिटीमध्ये घेतला, सॉफ्टवेअर फुकट आहे. जिथे कोणीच बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा नुसत्या घरघरीचा तुकडा सिलेक्ट करून नॉईज प्रोफाईल, म्हणजे त्या घरघरीचा नमुना, घेतलं आणि मग सगळ्यावर नॉईज रिडक्शन लावलं, घरघर बरीच कमी झाली, जास्त लावलं तर मामांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायला लागला म्हणून तिथेच थांबलो. फाटलेलं मात्र नीट झालं नाही ते नाहीच. रेकॉर्ड होतानाच आवाज वरून छाटला गेला की नंतर काहीही केलं तरी तो जसाच्या तसा परत येत नाही.

आणि दशावतारात संवाद लिहिलेले नसतात हो! आख्यान ठरतं आणि नट तिथे उभा राहून आपल्या मनाने बोलतो, राजा-राक्षसाची खडाजंगी त्या रात्री जी झाली ती झाली. वेशभूषा फोटोतही राहील, बोलणं कुठे राहणार?

म्हणून व्हिडिओ करणाऱ्या पोरांना सांगणं आहे की महागडा कॅमेरा नको, दुसरा एखादा जुना मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून त्याला साधा कॉलर माईक लावा आणि तो नटांच्या बाकाजवळ ठेवा, मोकळ्यावर नट आणि माईकमधलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. स्पीकरच्या तोंडासमोर मात्र ठेवू नका. लेव्हल हाताने सेट होत असेल तर सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा (शून्याच्या वर गेला की फाटतो), ऑटोवर असलं की नट क्षणभर गप्प झाला तरी मोबाईल आपोआप आवाज वाढवतो आणि झांजेसकट सगळी गजबज वर येते. किनाऱ्याजवळच्या देवळात वारा असतोच, माईकला केसाळ टोपी घाला, नुसता स्पंज तिथे पुरत नाही. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून लाईन, म्हणजे वायरने थेट आवाज, घेतली तर उत्तम, पण ती सरळ मोबाईलच्या माईकच्या पिनमध्ये खुपसू नका, सिग्नल फार जोरात येतो आणि फाटतो, लाईन-इन, म्हणजे असा जोराचा सिग्नल घेणारी पिन, असलेला रेकॉर्डर लागतो. नंतर चित्राला आवाज जोडायला मृदुंगाची पहिली थाप पकडायची, रात्रभराच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन मशीनं थोडी पुढेमागे होतात तेव्हा मध्येमध्ये पुन्हा एखादी थाप जुळवून घ्यायची.

जत्रा कमिट्यांनाही हात जोडून विनंती आहे, जनरेटर देवळाच्या पाठीमागे लांब ठेवा आणि त्याला लागणारी जास्तीची वायर कमिटीच्या खर्चातून घ्या. जत्रा सुरू व्हायच्या आधी हे पत्र छापून आलं तर फार बरं होईल.

आपला वाचक,
एक दशावतारप्रेमी, वेंगुर्ले तालुका