अँथनी गोन्साल्विस हे गमतीचे नाव नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील गाण्यांच्या किश्श्यांचा लेख वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे. ‘अमर अकबर अँथनी’मधील (1977) गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे नाव केवळ गमतीसाठी घेतले, असे आपल्या लेखकाने बिनदिक्कत लिहून टाकले आहे. गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू होते आणि प्यारेलाल यांनी ते नाव गुरूंच्या आदरापोटी सुचवले होते. मूळचे गोव्यातील माजोर्ड्याचे गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक आणि अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यरचना करणारे, म्हणून नावाजलेले होते. 1958 मध्ये त्यांनी स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तेव्हा त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. अशा माणसाचे नाव हसण्यावारी न्यावे, याचा राग येतो.

माझे वडील त्या काळात स्टुडिओत व्हायोलिन वाजवत. सगळे वादक एकत्र बसून वाजवत आणि एकाची चूक झाली तरी टेक पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागे. अरेंजरने हाताने लिहिलेला नोटेशनचा एक कागद आमच्याकडे अजून आहे. व्हायोलिनचा बो (गज) वर न्यायचा की खाली, याच्या खुणा वडिलांनी त्यावर पेन्सिलीने केल्या आहेत. त्यांचे नाव मात्र कुठेच नाही.

काही वर्षांपूर्वी मी त्यांना दादरला जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला नेले होते. निवेदकाने नेमका हाच चुकीचा किस्सा सांगितला आणि सभागृह हसले. मध्यंतरात 84 वर्षांच्या वडिलांनी त्याला गाठून खरी हकिकत सांगितली, तेव्हा ‘आजोबा, लोकांना हेच आवडतं’ असे उत्तर मिळाले. उत्तरार्धाला ते थांबले नाहीत. टॅक्सीत ते एक शब्द बोलले नाहीत; डाव्या हाताची बोटे तेवढी मांडीवर फिरत होती.

आणखी एक. त्याच पानावरील ध्वनिमुद्रणाच्या छायाचित्राखाली गायक आणि संगीतकार यांच्या नावांपुढे आपण ‘व इतर’ असे छापले आहे. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे माझे वडील आहेत. ते छायाचित्र कृपया पुन्हा छापावे आणि उरलेल्यांची नावे कळवण्याचे आवाहन वाचकांना करावे; गोन्साल्विस यांच्याविषयीची दुरुस्तीही त्याच पानावर यावी.

– एक जुना वाचक, गिरगाव, मुंबई