डोकी मोजायचीच तर कालव्यावरही मोजा

मा. जलसंपदामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

सभेत पाण्याचा विषय निघाला की एखादा तरी पुढारी म्हणतोच, ‘लोकसंख्या एवढी वाढली, पाणी पुरणार कुठून?’ साहेब, मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला शेतकरी. आमच्या आळीत अकरा घरं, त्यातल्या सहांना कुलपं. पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात मुलूखभर पांगलीत, जत्रेपुरती येतात. गर्दी असते ती टँकरच्या पाइपाभोवती.

2019 च्या उन्हाळ्यात टँकर विहिरीत ओतायचा. आई हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा दुहेरी पदर बांधून ते गढूळ पाणी गाळायची, आणि भांड्याचं खरकटं पाणी शेवग्याच्या आळ्यात. माणशी 20 लिटर, असा सरकारी हिशेब. म्हणजे टँकरला डोकी मोजतात. कालव्याला मात्र हेक्टर.

मग मीही हिशेब केला. 2011 च्या जनगणनेत सातारा जिल्हा 30 लाखांचा. जलजीवन मिशनचे माणशी रोज 55 लिटर धरले, तरी अख्ख्या जिल्ह्याला वर्षाला सव्वादोन टीएमसीसुद्धा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) लागत नाही. एकट्या कोयनेची क्षमता 105 टीएमसी. त्यातलं पश्चिमेला विजेसाठी जातं, खाली सांगलीचाही हक्क आहे, हे कळतं मला. पण माणसं जास्त झाली म्हणून घसा कोरडा, हे काही पटत नाही.

महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्या म्हसवडला पाचशेचीही खात्री नाही. हे देवाचं. पण वाळवा-मिरजेकडे उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या, हे कुणाचं? जगाचंही असंच. एक अमेरिकन माणूस आपल्या सात जणांएवढा कार्बन हवेत सोडतो, आणि गर्दीचा ठपका आपल्यावर.

आटपाडीकडच्या पाणी परिषदांनी समन्यायी वाटपाची मागणी तीसेक वर्षांपूर्वीच मांडली होती: पाण्यात प्रत्येक कुटुंबाचा वाटा, भूमिहीनाचाही. उपसा योजनांचं पाणी आता माणदेशात येतंय, नाही म्हणत नाही. तेव्हा आताच ठरवा. कुठल्या तालुक्याला, कुठल्या पिकाला किती पाणी गेलं, ते दरवर्षी चावडीवर लावा. शेवटच्या गावाची पाळी आधी सोडा. वरच्यांची मोटर तशीही रात्री चालतेच.

उत्तर धाडायचं झालं तर टपालाची वाट बघू नका. टँकरवाल्याकडे दिलं तरी पोचेल, तो दिवसाआड येतो.

आपला,
माणदेशातला एक शेतकरी