दोन सेकंद म्हणजे १२० फ्रेम्स : टेस्टिंगच्या ताईंना पत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

माझ्या वेबसाइटच्या कामावर तुम्ही नोंदवलेला पहिला बग, म्हणजे सापडलेली चूक, मला अजून जसाच्या तसा आठवतो. ‘जतन करा’ बटण दाबल्यावर काही होत नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. मी उत्तर दिलं, “होतं की, दोन सेकंदांनी होतं, सर्व्हरला तेवढा वेळ लागतो.” आणि बग बंद करून टाकला. दहा मिनिटांत तुम्ही तो परत उघडलात. खाली एकच ओळ होती : “दोन सेकंद म्हणजे १२० फ्रेम्स. एवढ्या वेळात खेळणारा मेलेला असतो.”

मला रागच आला. आमच्या साइटवरच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये कोण खेळतंय आणि कोण मरतंय? मी भांडायलाच तुमच्या टेबलाशी आले. तुम्ही डब्यातली चकली पुढे केलीत आणि विचारलंत, “तू शेवटचा गेम कुठला खेळलीस?”

खासगीत आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आणखी एक कारण आहे. आम्ही वेबसाइटवाले गेमकडे पोरखेळ म्हणून बघतो. मीही तशीच बघायचे. पण माझ्या कामात आज मला स्वतःला जे आवडतं, ते सगळं तुमच्या त्या पोरखेळातून आलंय, आणि हे कुठेतरी लिहून ठेवलंच पाहिजे असं मला वाटतं.

त्या दिवशी तुम्ही तुमच्या जुन्या, मोबाइल गेम बनवण्याच्या कामाबद्दल सांगितलंत. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० फोनवर अख्खा गेम ६४ केबीत बसवायचा. चित्रं, आवाज, कोड, सगळं त्यात. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा. फोनला देवनागरी येत नसे, म्हणून मराठी शब्द चित्र करून टाकावे लागत आणि प्रत्येक शब्दाला जागेचं मोल द्यावं लागे. मी मनात आमच्या साइटचं पहिलं पान आठवलं. त्यावरचा एकटा फोटो ६४ केबीहून कितीतरी मोठा होता, आणि तो कुणी मागितलाही नव्हता.

मग तुम्ही कागदावर १६.६७ हा आकडा लिहिलात. सेकंदाला साठ वेळा पडदा नव्याने रंगतो, म्हणजे एका फ्रेमला सोळा-सतरा मिलिसेकंद. बोट कुठे टेकलं ते वाचायचं, हिशेब करायचा, चित्र काढायचं, सगळं तेवढ्यात. चुकलं तर पुढची गाडी पकडायची, पण खेळणाऱ्याच्या हाताला ते लगेच कळतं. “सर्व्हर लागू दे दोन सेकंद,” तुम्ही म्हणालात, “पण बोट टेकलं हे बटणाने पहिल्या फ्रेमला सांगायचं.” मी त्या संध्याकाळी बटणाचा रंग दाबताक्षणी बदलेल असं केलं आणि खाली ‘जतन होत आहे’ आणलं. सर्व्हर तेवढाच हळू राहिला. त्याच बटणाच्या तक्रारी मात्र पुन्हा आल्या नाहीत. पुढे २०२४ च्या मार्चमध्ये गूगलने पानाचा प्रतिसाद मोजायला आयएनपी हे माप अधिकृत केलं. बोट टेकल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंत २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. म्हणजे साधारण बारा फ्रेम्स. ते वाचलं तेव्हा मला तुमचा बगच आठवला.

खरं ऋण मात्र अक्षरांच्या गेमचं आहे.

भाची तेव्हा चौथीत होती, साताऱ्याला. जोडाक्षरं तिला नको व्हायची. मी ठरवलं, वरून अक्षरं पडतील, ती क्रमाने वेचून शब्द लावायचा. ब्राउझरमध्येच चालेल, काही उतरवून घ्यायला नको. कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या जागेवर, आठवडाभरात उभा केला आणि दाजींच्या नव्या फोनवर लावून दिला. दोन मिनिटांत भाची रडकुंडीला. “मावशी, अक्षरं पकडताच येत नाहीत.” माझ्या फोनवर तर सगळं छान संथ चाललं होतं.

तुम्ही फोन हातात न घेताच विचारलंत, “नवा आहे का? पडदा १२० हर्ट्झचा असेल.” तसंच होतं, सेकंदाला १२० वेळा रंगणारा. पडदा जितक्या वेळा रंगतो तितक्या वेळा ब्राउझर माझा कोड बोलावत होता, आणि मी दर फ्रेमला अक्षर तीन पिक्सेल खाली सरकवत होते. माझ्या फोनवर सेकंदाला १८०, दाजींच्या फोनवर ३६०. ज्याचा फोन महाग, त्याच्या पोराला गेम दुप्पट अवघड.

मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. तुम्ही मला १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स हा गेम सांगत बसलात. त्यात शत्रूंची फौज जशी मरत जाते तशी उरलेली वेगाने धावते, कारण यंत्राला कमी आकृत्या काढाव्या लागतात. तो बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ती यंत्राची मर्यादा तशीच ठेवली आणि तीच त्या खेळाची उत्कंठा झाली. “पण त्यांनी ती बघून ठेवली,” तुम्ही म्हणालात, “तुझ्याकडून ती राहून गेली. दोन्हीत फरक आहे.” हे वाक्य मी नंतर कितीतरी ठिकाणी लावून पाहिलंय.

दुरुस्ती लहान होती. दर फ्रेमला किती सरकायचं ते न ठरवता दर सेकंदाला किती ते ठरवायचं आणि मागच्या फ्रेमपासून खरंच किती वेळ गेला त्याने गुणायचं. मग मध्येच कुणाचा कॉल आला, टॅब मागे गेला, ब्राउझरने फ्रेम देणंच थांबवलं. परतल्यावर ‘गेलेला वेळ’ चाळीस सेकंद भरला आणि सगळी अक्षरं एका फटक्यात तळाला. तेव्हा तुम्ही त्या वेळेला कमाल मर्यादा घालायला लावलीत, सेकंदाचा दहावा भाग. आणि शेवटी हिशेब आणि चित्र वेगळं करायला शिकवलंत. हिशेबाची एसटी आपल्या वेळापत्रकाने सुटणार, चित्र त्या फोनला जमेल तितक्या वेळा निघणार.

तरीही स्वस्त फोनवर गेम दर काही सेकंदांनी अडखळायचा. मी प्रत्येक अक्षरासाठी नवी वस्तू तयार करत होते आणि पडून गेलं की सोडून देत होते. जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेत सोडून दिलेलं गोळा करायला ब्राउझर येतो, पण कधी येईल ते आपल्या हातात नसतं. तुम्ही म्हणालात, “पत्रावळी टाकत गेलीस तर उचलायला माणूस लागतो, आणि तो नेमका पंगत बसलेली असताना पानांमधून फिरतो. चाळीस ताटं घे. धुवायची, परत वाढायची.” गेमवाल्यांकडे याला ऑब्जेक्ट पूल असं नाव आहे हे मला नंतर कळलं. माझ्या कोडमध्ये त्या फंक्शनचं नाव आजही ‘ताटधुवा’ आहे.

आणि मग अक्षरं. ही गोष्ट इतर कुणी मला शिकवली नसती, कारण इतर कुणाला तिचं काही वाटलंच नसतं.

‘विद्यार्थी’ हा शब्द तोडायला मी नेहमीसारखी लांबी विचारली. जावास्क्रिप्टने दहा सांगितली : व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. वरून सुटी वेलांटी पडताना पाहून भाची म्हणाली, हे काय अक्षर आहे? मी ब्राउझरमधला सेगमेंटर वापरला, शब्दाचे अक्षरांत तुकडे करायला तो खास असतो. एका फोनवर त्याने तीन तुकडे दिले : वि, द्या, र्थी. दुसऱ्या जुन्या फोनवर पाच : वि, द्, या, र्, थी. मला वाटलं माझंच काही चुकलं. तुम्ही शोधून काढलंत, की देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं यंत्रात कशी साठवायची ते ठरवणाऱ्या मानकाच्या, १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये आला. ज्या फोनचा ब्राउझर त्याआधीचा, त्याला जोडाक्षर फोडायचंच माहीत. पहिलीत पाटीवर गिरवलेली गोष्ट यंत्रांच्या नियमात यायला इतकी वर्षं लागली याचं मला फार वाईट वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, आली ना, आता जुन्या फोनसाठी आपण लिहू. हलन्तापुढे व्यंजन आलं तर तोडायचं नाही, एवढाच नियम आपण दोघींनी हाताने लिहिला.

शेवटच्या पातळीवर शब्द टाइप करायचा होता. तिथे ‘दऱ्या’ अडला. भाचीने बरोबर लिहिलं आणि गेमने चूक म्हटलं. पडद्यावर दोन्ही शब्द शेजारी ठेवले तरी तसूभर फरक दिसेना. तो आत होता. आपला हा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. खाली टिंब म्हणजे नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य, हा एक. साधा र, हलन्त, एक अदृश्य सांधणारं चिन्ह आणि य, हा दुसरा. माझ्या यादीत एक होता, तिच्या कळफलकाने दुसरा दिला. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवूनही ते दोन्ही एक होत नाहीत. आपल्यालाच एकात आणावे लागतात. तुम्ही त्या दिवशी जेवायला उठला नाहीत. “बरोबर उत्तराला चूक म्हणणं हा सगळ्यात वाईट बग,” म्हणालात. “गेम गोठला तर पोर गेमला नावं ठेवतं. इथे ते स्वतःवर शंका घेतं.”

त्याच आठवड्यात तुम्ही मला सेलेस्ट हा उड्या मारत डोंगर चढायचा गेम खेळायला लावलात. कड्याच्या काठावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम्सपर्यंत तो खेळ उडी मान्य करतो. खेळणाऱ्याला वाटतं आपण वेळेवर दाबलं. माणसाच्या हाताला जरा उशीर होतो, हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं. मी विचारलं, ही फसवणूक नाही का? तुम्ही काही बोलला नाहीत, आमचा शिष्यवृत्तीचा फॉर्म उघडलात आणि मोबाइल नंबर मराठी आकड्यांत टाकलात. फॉर्म म्हणाला, अवैध क्रमांक.

फोनवर मराठी कळफलक असलेल्या मुलाने दुसरं काय टाकायचं? जावास्क्रिप्टच्या नमुन्यात ‘अंक’ म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. ९ हा त्याच्या लेखी अंकच नाही. दहा मराठी आकडे इंग्रजीत बदलायला कोडच्या दोन ओळी लागतात, आणि त्या दोन ओळी मी लिहिल्या नव्हत्या. मध्ये मोकळी जागा सोडली तरी आम्ही हाकलत होतो. खेळ उडी पदरात घेत होता आणि मुलांच्या शिक्षणाचे पैसे ज्यावर अवलंबून, तो माझा फॉर्म मात्र दारातूनच परत पाठवत होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

वीस मिनिटांत फॉर्मचं सत्र संपायचं, म्हणजे साइट आपोआप बाहेर काढायची, आणि भरलेली पाच पानं जायची, त्याबद्दलचं तुमचं बोलणं तर मीटिंगमधले सगळे अजून सांगतात. मदतकेंद्रावर एका मुलीचा फोन आला होता, तिसऱ्यांदा सगळं गेलं म्हणून. कुणीतरी म्हणालं, सूचना आहे की पानाच्या तळाशी. तुम्ही म्हणालात, “सापशिडीत अठ्ठ्याण्णववर साप असतो. पण तो पटावर काढलेला असतो. तुमचा साप दिसत नाही.”

मी उत्साहाने सगळं ब्राउझरच्या साठ्यात ठेवायला निघाले, गेममधली प्रगती ठेवतात तसं. तिथेही तुम्हीच थांबवलंत. सेतू केंद्रातला कॉम्प्युटर गावाचा असतो. पुढच्या माणसाला आधीच्या मुलीचा आधार क्रमांक दिसेल. म्हणून मसुदा सर्व्हरवर, अर्ज क्रमांकाला बांधून, प्रत्येक रकाना सोडताच. सत्र संपायच्या पाच मिनिटं आधी वर मोठ्या अक्षरांत इशारा. परत आल्यावर थेट त्याच रकान्यावर. हे करायला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे तुम्ही वरिष्ठांकडून कसे मिळवलेत ते मला माहीत आहे. त्याबद्दल वेगळे आभार.

एकदा मी विचारलं होतं, तुमचे ते जुने गेम आता कुठे खेळायला मिळतील? तुम्ही म्हणालात, फोन ड्रॉवरमध्ये गेले, त्यांच्याबरोबर गेमही गेले. ब्राउझरमध्ये पूर्वी गेम चालवणाऱ्या फ्लॅशवरचेही तसेच जाणार होते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार काढून घेतला. पण काही लोकांनी रफल नावाचं साधन लिहिलं, रस्ट नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत, ब्राउझरमधल्या वेबअसेम्ब्ली या तंत्रावर चालणारं, आणि त्यातले कितीतरी खेळ आज साध्या ब्राउझरमध्ये पुन्हा उघडतात. ते दाखवताना तुमचा चेहरा जसा उजळला होता, तसा मी पगारवाढीच्या दिवशीही पाहिला नाही. वेबवर केलेलं टिकू शकतं, पण कुणीतरी टिकवलं तर, हे मला तेव्हा समजलं. म्हणून अक्षरांच्या गेममध्ये मी बाहेरची एकही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, घेतलेली नाही. फॉन्ट सोडला तर सगळा मिळून ६१ केबी भरतो. तुमच्या जुन्या फोनमध्ये मावला असता.

ताई, तुम्ही नोकरी सोडून नाशिकला गेल्यापासून बग बंद करताना मी दहा मिनिटं थांबते. भाची आता सातवीत आहे आणि तिला गेमसाठी नव्या पातळ्या हव्यात.

एक अडलंय. अक्षर वेचल्यावर टिचकीचा आवाज येतो, तो स्वस्त अँड्रॉइडवर जरा मागून येतो. डोळ्याला दिसून जातं आणि कानाला नंतर कळतं. आवाजाची फाइल आधीच उलगडून ठेवलीय, पहिल्या स्पर्शाला ऑडिओ सुरू करतेय, तरी. काढून टाकावा आणि नुसतं फोनचं कंपन ठेवावं, तर आयफोनच्या सफारीत ते चालत नाही. की आवाजच असा निवडावा ज्याची सुरुवात बोथट आहे, म्हणजे उशीर टोचणार नाही? तुमच्या फोनांवर तर एकच बीप होता, तुम्ही कसं निभावलंत? पुढच्या महिन्यात एका शनिवारी नाशिकला येतेय. तीन फोन घेऊन येते, दाजींचाही. चकली या वेळी माझ्याकडून.

तुमची,
कोथरूडची वेबवाली