मुलुगूचा भूकंप, चंद्रपूरचा कोळसा आणि सिरोंचाचे डायनोसॉर

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

4 डिसेंबर 2024 ला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणात मुलुगूला 5.3 चा भूकंप झाला, हादरे गडचिरोली, चंद्रपूर आणि पार नागपूरपर्यंत जाणवले आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी धरणाला दोष देतंय, कोणी खाणीतल्या ब्लास्टिंगला. बातम्यांत रिश्टरचा आकडा आला, लोक घराबाहेर पळाले ते आलं, पण जमीन तिथंच का हलली हे मला तरी धड कुठं वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र.

वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, बल्लारपूर, तिथून आग्नेयेला सिरोंचा, मंचेरियाल, पुढं कोठागुडेम, नकाशावर ही गावं जोडून बघा, जवळपास सरळ पट्टा दिसतो, मुलुगूही त्यातच. ईशान्येला बस्तरचा आणि नैऋत्येला धारवाडचा, असे दोन अतिप्राचीन कठीण खडकांचे ठोकळे आहेत आणि हा पट्टा त्यांच्यामधला जुना कच्चा सांधा आहे. आपल्याकडच्या सिमेंट कारखान्यांना लागणारा पैनगंगेचा चुनखडक कोळशाहून कितीतरी जुना, म्हणजे इथं समुद्र येऊन गाळ साचण्याचं काम त्याही आधी एकदा होऊन गेलं होतं.

मग साधारण 30 कोटी वर्षांपूर्वी, भारत गोंडवनात, म्हणजे दक्षिणेकडच्या खंडांच्या एकत्र जुन्या महाखंडात होता तेव्हा, हा सांधा पुन्हा ताणला जायला लागला. कणीक दोन्हीकडून ओढली की मधे पातळ होते तसं कवच पातळ झालं, वरचा ठिसूळ भाग तुटला, कडांना मोठे फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगा पडल्या आणि मधला पट्टा खाली खचत गेला. एकदम नाही, कोट्यवधी वर्षं हळूहळू. खोलगट जागा झाली की नद्या तिकडंच वळणार, गाळ टाकणार, त्या गाळाच्या वजनानं जमीन अजून दबणार आणि पुन्हा गाळाला जागा होणार. म्हणूनच इथं गाळाचे थर काही किलोमीटर जाड आहेत आणि मोठ्या फॉल्टच्या बाजूला जास्तच जाड. कोळशाचंही तेच, दलदलीतली झाडं मरून साचत गेली, पण तळ खचत राहिला म्हणूनच इतकं साचू शकलं, नाहीतर चंद्रपूरकडं पंधरा मीटरपेक्षा जाड सीम, म्हणजे कोळशाचा थर मिळालाच नसता. खाणीत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको, सीम चांगला चाललेला असतो आणि मधेच ‘फॉल्ट लागला’ की कोळसा गायब, तो वर नाहीतर खाली शोधावा लागतो. ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यात ग्लोसोप्टेरिस या तेव्हाच्या झाडाच्या पानांचे ठसे सापडतात ते त्याच दलदलीतले.

खचणं पुढंही चालूच राहिलं. कोळशावर ‘कामठी’ नावाचा वालुकाश्म आला, मग लाल माती, आणि ज्युरासिक काळात ‘कोटा’ नावाचे खडकांचे थर, ज्यात बारापासॉरससारख्या अवाढव्य डायनोसॉरची हाडं निघाली. तो सांगाडा आज कोलकात्याला उभा आहे. आपल्याकडं सिरोंचा तालुक्यात वडधमला फॉसिल पार्क आहे, विदर्भातल्या किती शाळा तिथं सहल नेतात?

आता भूकंपाचं. ताणायचं काम कधीच थांबलंय, पण फॉल्ट गेलेले नाहीत. भारत उत्तरेला हिमालयाशी रेटतोय, तो दाब आतपर्यंत येतो आणि अशा जुन्या फटीत मोकळा होतो. 13 एप्रिल 1969 ला भद्राचलमला याच पट्ट्यात 5.7 चा झाला होता. म्हणजे मुलुगू हा काही अचानक आलेला प्रकार नाही, आणि असे धक्के पुन्हा येऊ शकतात हे गडचिरोली-चंद्रपूरच्या लोकांना आधीच माहीत असलं पाहिजे, विशेषतः शाळा आणि दवाखाने बांधणाऱ्यांना.

कोळसा, जीवाश्म आणि भूकंप आपण तीन वेगळ्या पानांवर छापता. एकदा नकाशासकट एकत्र छापा, हवं तर रविवारच्या पुरवणीत. आणि एक मागणी प्रशासनाकडं. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठी इरईजवळ चुनखडकावर हिमनदीनं ओरखडे काढलेत, एकोणिसाव्या शतकातच भूवैज्ञानिकांनी नोंद केलेली जागा आहे ती, हा खचलेला पट्टा गाळानं भरायला लागला तेव्हाचा पहिला पुरावा. तिथं कुंपण आणि मराठीत माहितीचा फलक लावा.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर