पट्टी बाबांच्या खिशात, पंप पोराच्या पाठीवर

संपादक साहेब, नमस्कार.

कोकणातली तरुण पोरं शेतीत का टिकत नाहीत यावर दरवर्षी कुठे ना कुठे चर्चा होते, मग कोणीतरी युवा नेतृत्व शिबिर घेतं, हॉलमध्ये भाषणं, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, संपलं. मला विचाराल तर नेतृत्व घरच्या व्यवहारातून येतं आणि नेमका तोच आपण पोरांपासून लपवतो.

आमच्या राजापूर-देवगड पट्ट्यात बघा ना. पावसात आंब्याच्या कलमांना मोहोरासाठी कल्टार हे औषध घालणार पोरगा, मोहोर आला की तुडतुडे, थ्रिप्स, भुरीच्या फवारण्या मारणार तोच, पेट्या भरणारही तोच. पण वाशीच्या बाजारात माल कोणाकडे पाठवायचा, सीझनआधी व्यापाऱ्याकडून उचल किती घेतलीय, पट्टीत म्हणजे त्याच्या विक्रीच्या हिशोबात भाडं-हमाली किती कापली, औषधाच्या दुकानात उधारी किती, हे फक्त बाबांना माहीत. पस्तिशीच्या माणसाला पण "तुला काय कळतंय" ऐकावं लागतं. मग तो मुंबईला जाऊन दुसऱ्याची ड्युटी करतो, निदान पगार तरी स्वतःच्या खात्यात येतो.

त्यात आपला सातबारा सामायिक, अर्धी नावं वारलेल्यांची, उरलेली डोंबिवली-विरारला. पोराने पीककर्जाचा किंवा योजनेचा विषय काढला की सगळ्यांची संमती आणायची कुठून? गणपतीला सगळे घरी येतात तेव्हा तरी वारसनोंदीचं उरकून घ्यावं, पण तेव्हा आरत्या, भजनं आणि जुनी भांडणं यातच दिवस जातात. मुलींचं तर नावच नको. 2005 च्या कायद्याने त्यांना वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच हक्क दिलाय, तरी हक्कसोड करून द्यायची वेळ आली की मगच त्यांची आठवण येते. काजू गोळा करणं, कोकमं फोडून वाळवणं बायकांनीच करायचं आणि व्यापाऱ्याशी रेट पुरुषाने ठरवायचा, हे कसलं गणित?

घरच्यांना विनंती आहे, 40-50 कलमं पोराच्या किंवा पोरीच्या ताब्यात द्या, खर्च आणि विक्री दोन्ही त्यांच्याकडे. एखादं वर्ष तोटा झाला तरी चालेल, कारण अवकाळीने तोटा आपलाही होतोच की! शेतकरी उत्पादक कंपन्यांचंही तेच. 2002 पासून कायद्यात सोय आहे, 10 शेतकरी मिळून कंपनी काढता येते, पण संचालक मंडळावर सगळे साठीचे आणि पोरं फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळायला. हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नोंदणी, लेबल, थेट ग्राहकाला विक्री ही कामं तरी तिशीच्या आतल्यांना द्या, सहीच्या अधिकारासकट.

आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाला, कृषी खात्याला एक सांगणं. या पोरांसाठी काही घेणार असाल तर हिशोब, करार आणि बाजार यावर घ्या, आणि कृपा करून एप्रिल-मे मध्ये नको, तेव्हा सगळे बागेत असतात.

— एक आंबा बागायतदार, ता. राजापूर